फॉगिंग यंत्र आणि पुसण्याची ट्रॉली : शस्त्रक्रियागृहासाठी आधी काय घ्यावे

शस्त्रक्रियागृहाच्या निर्जंतुकीकरणासाठी म्हणून ज्या वस्तू बाजारात विकल्या जातात, त्यांत फॉगिंगच्या, म्हणजे जंतुनाशकाचे सूक्ष्म तुषार हवेत सोडणाऱ्या, यंत्राला मोठी मागणी आहे. तालुक्याच्या गावातील लहान प्रसूतिगृहापासून जिल्ह्याच्या ठिकाणच्या मोठ्या रुग्णालयापर्यंत ते सगळीकडे दिसते, आणि नवे शस्त्रक्रियागृह उभारताना टेबल व दिवे यांच्या पाठोपाठ खरेदीच्या यादीत त्याचे नाव असते. शस्त्रक्रियागृहाची व्यवस्था पाहणारी परिचारिका म्हणून हे यंत्र मी दीर्घकाळ वापरले आहे. त्याचबरोबर बादल्यांची ट्रॉली, मायक्रोफायबरचे मॉप, निरनिराळी जंतुनाशके आणि स्वच्छता तपासण्याची साधने यांचाही रोजचा अनुभव आहे. हा आढावा कोणत्याही एका कंपनीच्या यंत्राचा नाही, कारण सर्वसाधारण रुग्णालयात घेतल्या जाणाऱ्या या यंत्रांची रचना जवळजवळ सारखीच असते. माझे मत सुरुवातीलाच सांगते. यंत्र आपल्या मर्यादेत उपयोगी आहे. परंतु ज्या कामाच्या भरवशावर ते विकत घेतले जाते, ते काम ओल्या फडक्याने आणि ते धरणाऱ्या प्रशिक्षित हातानेच होते, म्हणून पैसा आणि लक्ष आधी तिकडे गेले पाहिजे.

यंत्राची रचना साधी आहे. चार-पाच लिटरची टाकी, वर विजेवर चालणारी मोटर, आणि मोटरच्या जोरदार हवेने द्रावणाचे अतिसूक्ष्म थेंब करून बाहेर फेकणारे तोंड. द्रावण बहुधा हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अत्यल्प सिल्व्हर नायट्रेट यांच्या मिश्रणाचे असते. खोलीचे घनफळ काढून मात्रा ठरवावी लागते. उदाहरणार्थ, २० फूट लांब, २० फूट रुंद आणि १० फूट उंच खोलीचे घनफळ ४,००० घनफूट होते. आमच्याकडील द्रावणाच्या लेबलावर १,००० घनफुटांसाठी २० टक्के तीव्रतेचे एक लिटर द्रावण सांगितले आहे, म्हणजे अशा खोलीला ८०० मिलिलिटर औषध आणि ३.२ लिटर पाणी लागते. हे गणित प्रत्येक औषधाचे वेगळे असते आणि ते लेबलावरूनच करावे लागते. तरीही अनेक ठिकाणी ‘दोन झाकणे टाका’ अशा अंदाजाने द्रावण तयार होते आणि खोलीचे माप कोणी घेतलेले नसते.

यंत्राच्या बाजूने जे बोलायला हवे ते आधी बोलते. याच्या आधी आपल्याकडे फॉर्मॅलिनची (फॉर्मॅल्डिहाइड वायूच्या पाण्यातील द्रावणाची) धुरी दिली जात असे. फॉर्मॅलिनमध्ये पोटॅशियम परमँगनेट मिसळायचे किंवा ते उकळायचे, दारांच्या फटी चिकटपट्टीने बंद करायच्या, खोली रात्रभर किंवा त्याहून अधिक काळ तशीच ठेवायची आणि सकाळी अमोनियाने वायूचा परिणाम घालवायचा, असा तो प्रकार होता. ज्यांनी तो केला आहे त्यांना डोळ्यांची आग आणि घशात बसणारा तो वास आजही आठवत असेल. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये फॉर्मॅल्डिहाइडला माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले. दर शनिवारी तो वायू श्वासात घेणारे कोण होते, तर वॉर्डबॉय, मावशी आणि सकाळी पहिल्यांदा दार उघडणारी परिचारिका. पेरॉक्साइडचे विघटन पाणी आणि ऑक्सिजन यांत होते, खोली काही तासांत वापरता येते, तीव्र वास राहत नाही. फॉर्मॅलिन हद्दपार करण्यासाठी एखाद्या रुग्णालयाने हे यंत्र घेतले असेल, तर त्या निर्णयाचे मी मनापासून स्वागत करते. अर्थात पेरॉक्साइडचे तुषारही डोळ्यांना व श्वासनलिकेला त्रास देतात. यंत्र सुरू करून माणसाने बाहेर यावे, आणि औषध मिसळताना हातमोजे, चष्मा व योग्य मास्क असावा, एवढी काळजी तेथेही लागतेच.

आता मर्यादा. यंत्रातून निघालेले थेंब कितीही सूक्ष्म असले तरी ते थेंबच असतात. ते काही वेळ हवेत तरंगतात आणि मग खाली बसतात. त्यामुळे टेबलाचा वरचा पृष्ठभाग ओला होतो, पण टेबलाच्या गादीची खालची बाजू, दिव्याच्या हँडलमागची खाच, कॉटरीच्या (रक्तवाहिन्या जाळून बंद करणाऱ्या यंत्राच्या) पेडलखालची जागा आणि ट्रॉलीच्या चाकांमधला गुंता कोरडाच राहतो. दुसरी गोष्ट रक्ताची. रक्तावर हायड्रोजन पेरॉक्साइड पडले की फेस येतो, हे प्रत्येक परिचारिकेने पाहिलेले आहे. तो फेस म्हणजे रक्तातील कॅटलेज नावाचे विकर (एन्झाइम) पेरॉक्साइडचे विघटन करत असल्याची खूण आहे. म्हणजे जेथे रक्ताचा थर सुकून बसला आहे, तेथे जंतूंपर्यंत पोहोचण्याआधीच औषध खर्ची पडते. धूळ, रक्त, चरबी, स्राव यांचा थर जंतूंना आडोसा देतो, आणि तो थर घासून काढल्याशिवाय कोणतेही जंतुनाशक आपले पूर्ण काम करू शकत नाही. यंत्र घासत नाही. तिसरी गोष्ट माणसांची आहे. रात्री फॉगिंग झाले तरी सकाळी सात-आठ माणसे खोलीत आली की त्यांच्या त्वचेवरून गळणाऱ्या सूक्ष्म कणांबरोबर जंतू हवेत येतात आणि दार जितक्या वेळा उघडते तितकी भर पडते. रात्रीचा फवारा सकाळच्या हवेची हमी देऊ शकत नाही. ती हमी हवा खेळवणाऱ्या व गाळणाऱ्या व्यवस्थेने द्यायची असते.

हवेत औषध फवारून शस्त्रक्रिया सुरक्षित होईल ही कल्पना जोसेफ लिस्टर यांच्या काळाइतकी जुनी आहे. जखमेवर कार्बोलिक अॅसिड वापरण्याची आपली पद्धत त्यांनी १८६७ मध्ये प्रसिद्ध केली आणि पुढे शस्त्रक्रिया चालू असताना हवेत कार्बोलिकचा फवारा मारण्याची प्रथाही सुरू केली. त्या फवाऱ्याने शल्यचिकित्सकांचे हात व फुप्फुसे त्रस्त झाली. अनुभवांती लिस्टर यांनी फवारा सोडून दिला, आणि १८९० मध्ये बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय परिषदेत, हवेतील जंतू मारण्यासाठी आपण तो सुचवला याची लाज वाटते, असे त्यांनी स्वतः सांगितले. ज्यांच्या नावाने निर्जंतुक शस्त्रक्रियेचा इतिहास सुरू होतो, त्यांचे हे मत यंत्राच्या जाहिरात-पत्रकासोबत प्रत्येक खरेदीदाराला वाचायला मिळावे, असे मला फार वाटते.

आजची अधिकृत भूमिकाही याच बाजूची आहे. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेच्या २००८ च्या मार्गदर्शक तत्त्वांत, रुग्णसेवेच्या जागांत नेहमीच्या निर्जंतुकीकरणासाठी फॉगिंग करू नये, असे म्हटले आहे. त्याच संस्थेच्या २००३ च्या सूचनांत दिवसाच्या शेवटच्या शस्त्रक्रियेनंतर फरशी जंतुनाशकाने ओली पुसावी, असे सांगितले आहे, आणि शस्त्रक्रियागृहाच्या दाराशी चिकट पायपुसणी ठेवू नयेत हेही त्यात आहे. भारतात एनएबीएच या रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या मंडळाच्या २०१८ च्या सूचना हवेवर भर देतात : सर्वसाधारण शस्त्रक्रियागृहात तासाला किमान २० वेळा हवा बदलली जावी, त्यांपैकी किमान ४ वेळा बाहेरची ताजी हवा असावी, आतला दाब बाहेरच्यापेक्षा थोडा जास्त असावा आणि शस्त्रक्रिया नसतानाही हवा खेळवणाऱ्या यंत्रणेचा पंखा चोवीस तास चालू राहावा. विजेचे बिल वाचवण्यासाठी रात्री हा पंखा बंद करायचा आणि शनिवारी फॉगिंग करायचे, असा उलटा व्यवहार जेथे चालतो, तेथे खर्चाची दिशाच चुकलेली असते.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. ३० ते ३५ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडची वाफ करणारी, खोली पूर्ण बंद करून वाफेचे प्रमाण संवेदकांनी मोजत चालणारी स्वयंचलित यंत्रणा वेगळी आहे. चिवट जंतूंचा प्रादुर्भाव झालेल्या खोल्यांसाठी ती वापरली जाते आणि तिच्या उपयोगाचा चांगला अभ्यास झालेला आहे. आपल्याकडच्या साध्या फॉगरला त्या अभ्यासांचे दाखले लावून विकणारे प्रतिनिधी भेटतात. तेथे खरेदीदाराने सावध असावे. शिवाय ती महागडी यंत्रणासुद्धा खोली हाताने स्वच्छ केल्यानंतरच वापरायची असते.

साध्या फॉगरची कसोटी पाहण्याचा एक स्वस्त आणि बोलका मार्ग आहे. डोळ्यांना न दिसणारी, पण अतिनील प्रकाशाच्या टॉर्चखाली चमकणारी जेल मिळते. शस्त्रक्रियांनंतर टेबलाच्या कडेला, गादीच्या शिवणीजवळ, दिव्याच्या हँडलवर, भुलीच्या यंत्राच्या बटणांवर, सलाइन स्टँडच्या दांडीवर तिचे ठिपके द्यायचे आणि दुसऱ्या दिवशी टॉर्च मारून पाहायचे. केवळ फॉगिंग केलेल्या खोलीत ठिपके जसेच्या तसे चमकतात. जेथे फडके फिरले तेथेच ते नाहीसे होतात. ठिपका जाणे म्हणजे जंतू मेले असे नव्हे, पण हात तेथे पोहोचला एवढे त्याने निश्चित कळते. आमच्याकडे ही टॉर्च पहिल्यांदा दाखवली तेव्हा साफसफाई करणाऱ्या एका मावशींनी विचारले, “सिस्टर, मग टेबलाच्या खाली तो धूर जातच नाही का?” यंत्राच्या विक्रेत्याला विचारावा असा तो नेमका प्रश्न होता. त्यानंतर गादी उचलून खालची बाजू पुसणे त्यांना कधी सांगावे लागले नाही.

आता ट्रॉलीविषयी. शासनाच्या कायाकल्प या रुग्णालय-स्वच्छतेच्या योजनेमुळे सरकारी रुग्णालयांत तीन बादल्यांची पद्धत बरीच परिचित झाली आहे : एका बादलीत साबणाचे पाणी, दुसरीत साधे स्वच्छ पाणी, तिसरीत जंतुनाशक. साबणाच्या पाण्याने पुसायचे, दुसऱ्या बादलीत मॉप खळबळून पिळायचा आणि मग जंतुनाशक लावायचे. फरशी एकाच दिशेने, आतल्या भिंतीकडून दाराकडे पुसत यायचे. पुढे-मागे घासत राहिले की घाण नुसती जागा बदलते. ट्रॉली विकत घेताना मी तीन गोष्टी पाहते. पिळण्याचा दांडा धातूचा असला तर तो क्लोरीनच्या औषधाने गंजतो, म्हणून तो जाड प्लास्टिकचा असावा. बादल्यांचे रंग वेगळे असावेत आणि आत लिटरच्या खुणा असाव्यात, कारण त्या खुणांशिवाय औषधाचे प्रमाण कधीच नीट राहत नाही. आणि चाके अशी असावीत की ती काढून धुता येतील. धाग्यांचा व केसांचा गुंता चाकांतच साठतो. हलक्या प्रतीच्या ट्रॉलीची चाके आणि पिळण्याची स्प्रिंग सर्वांत आधी निकामी होतात, हा अनुभव सार्वत्रिक आहे.

मॉपच्या बाबतीत मायक्रोफायबरला माझी निःसंशय पसंती आहे. सुती मॉप जड होतो, उशिरा वाळतो आणि ओला राहिला की त्यातच जंतू वाढतात. त्याहून महत्त्वाची अडचण अशी की क्वाटर्नरी अमोनियम प्रकारच्या जंतुनाशकाचा बराच अंश सुताच्या धाग्याला चिकटून बसतो आणि फरशीवर अपेक्षेपेक्षा पातळ औषध पोहोचते. बादलीत प्रमाण अचूक असूनही फरशीवर ते कमी पडते, आणि हे कुणाच्या लक्षातही येत नाही. बोअरच्या जड पाण्यातही काही जंतुनाशकांचा जोर कमी होतो, म्हणून लेबलावर त्याविषयी काही सूचना आहे का ते पाहावे. मायक्रोफायबरचे मॉप मात्र पुरेशा संख्येने घ्यावे लागतात. दोन शस्त्रक्रियागृहे, संडास आणि मार्गिका यांना एकच मॉप फिरत असेल, तर तो कशाचा बनलेला आहे याला अर्थ उरत नाही. ते ब्लीचमध्ये बुडवून ठेवू नयेत आणि धुताना कपडे मऊ करणारे द्रव्य घालू नये. धागा खराब होतो आणि घाण पकडण्याची त्याची क्षमता जाते.

औषधांमध्ये सोडियम हायपोक्लोराइट स्वस्त आणि खात्रीचे आहे, पण ते नाजूकही आहे. ५ टक्क्यांच्या बाटलीतून १ टक्क्याचे द्रावण करायचे तर एक भाग औषधाला चार भाग पाणी लागते. ते रोज ताजे करावे लागते, कारण उजेडाने व उष्णतेने त्याचा जोर कमी होतो. उन्हाळ्यात गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत महिनोन्‌महिने ठेवलेल्या कॅनमधले हायपोक्लोराइट लेबलावरच्या टक्केवारीचे राहत नाही. रक्त सांडले असेल तर आधी ते शोषक कागदाने किंवा कापडाने टिपून घ्यायचे, मग औषध घालून किमान दहा मिनिटे थांबायचे. ही दहा मिनिटे सगळीकडे चोरली जातात. पुढची केस बाहेर थांबलेली असते, डॉक्टर घड्याळ पाहत असतात, आणि ओली फरशी पाच मिनिटांत कोरडी पुसली जाते. जंतुनाशकाला पृष्ठभागावर ओले राहून काम करण्यासाठी जो वेळ लागतो तो देणे ही सफाई कर्मचाऱ्याच्या हातातली गोष्ट नाही. तो शस्त्रक्रियांच्या वेळापत्रकातच धरावा लागतो, आणि ती जबाबदारी डॉक्टरांची व व्यवस्थापनाची आहे. हायपोक्लोराइट आम्लयुक्त संडास-क्लीनरसोबत कधीही मिसळू नये, विषारी क्लोरीन वायू निघतो, हे तर भिंतीवर मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावे. बहुतेक औषधांची लेबले इंग्रजीत आणि बारीक अक्षरांत असतात. ज्यांनी ती वाचायची त्यांना ती वाचता येत नाहीत, हा या सगळ्या बाजारातील मोठा दोष आहे. मापाचा प्लास्टिकचा पेला आणि मराठीतील प्रमाणाचा तक्ता यांचा खर्च नगण्य आहे, आणि माझ्या मते त्यांच्याइतका परिणाम दुसऱ्या कोणत्याही खरेदीचा होत नाही.

पुसण्याचा क्रम वरून खाली आणि स्वच्छाकडून अस्वच्छाकडे असा ठेवायचा. सकाळी पहिल्या केसआधी सपाट पृष्ठभागांवरची धूळ ओलसर फडक्याने टिपायची; कोरडा झाडू शस्त्रक्रियागृहात येऊच द्यायचा नाही. दोन केसच्या मध्ये टेबल, हाताचे बोर्ड, टेबलाभोवतीची फरशी, सक्शन जार (ओढून घेतलेले रक्त व स्राव साठवणारी बरणी), किक बकेट (पायाने सरकवायची बादली). दिवस संपल्यावर मात्र सर्व सामान हलवून, चाकांसकट, स्क्रबच्या बेसिनपासून दारांच्या मुठींपर्यंत सगळे. गादीचे रेक्झीन फाटले असेल तर ते कितीही पुसले तरी स्वच्छ होत नाही. चिकटपट्टी लावून काम चालवण्यापेक्षा गादी बदलावी.

खंडेनवमीला आपल्याकडे शस्त्रक्रियागृहात टेबलाची व शस्त्रांची पूजा होते. मला ती प्रथा प्रिय आहे, कारण वर्षातून एकदा सर्जन, भूलतज्ज्ञ, परिचारिका आणि मावशी एका रांगेत हात जोडून उभे राहतात. परंतु झेंडूच्या पाकळ्या, हळदकुंकू, उदबत्तीची राख आणि नारळाचे पाणी यांनंतर संपूर्ण खोली धुऊन काढावी लागते, आणि त्या संध्याकाळी नुसते फॉगिंग करून घरी जाण्याचा मोह अनेक ठिकाणी होतो. पूजा बाहेरच्या खोलीत मांडणे अधिक बरे. पावसाळ्यात भिंतीला ओल येऊन बुरशीचे काळे डाग दिसू लागतात, विशेषतः कोकणात. तेथेही फवारणी वाढवली जाते, वास्तविक गळती बुजवणे आणि भिंत कोरडी करणे हाच उपाय असतो. लहान रुग्णालयांतील भिंतीवरच्या स्प्लिट एसीचेही तसेच आहे. तो आतलीच हवा फिरवतो आणि त्याच्या आतील ओलसर भागात जंतू वाढतात. एनएबीएचच्या सूचनांत शस्त्रक्रियागृहासाठी तो नाकारलेला आहे, आणि फॉगिंगचे थेंब त्याच्या आतल्या जाळीपर्यंत पोहोचत नाहीत.

अतिनील दिव्यांबद्दल थोडक्यात : २५४ नॅनोमीटरचा प्रकाश जेथे थेट पडतो तेथेच काम करतो, सावलीत नाही, नळीवर धूळ बसली किंवा ती जुनी झाली की जोर घटतो आणि निळसर उजेड मात्र तसाच दिसत राहतो. भिंतीवर कायमचा लावलेला एकच दिवा ही मला अनावश्यक खरेदी वाटते.

एटीपी हा सजीव पेशींत असणारा पदार्थ मोजणाऱ्या एटीपी मीटरने पृष्ठभागावरील सेंद्रिय घाणीचा आकडा काही सेकंदांत मिळतो. काजव्याच्या प्रकाशामागे जी रासायनिक क्रिया असते, तिच्यावरच हे मीटर चालते. तो आकडा जंतूंची संख्या सांगत नाही आणि एका कंपनीच्या मीटरचा आकडा दुसऱ्याशी ताडून पाहता येत नाही, परंतु प्रशिक्षणासाठी साधन उत्तम आहे. प्रत्येक चाचणीला लागणारी कांडी महाग पडते, म्हणून लहान रुग्णालयाने चमकणाऱ्या जेलवर भागवावे. दर आठवड्याला नियमाने स्वॅब पाठवून धनुर्वाताचे जंतू शोधण्याची आपली जुनी पद्धत मनाला समाधान देते, पण अहवाल येईपर्यंत त्या खोलीत कितीतरी केस झालेल्या असतात, आणि ‘वाढ नाही’ असा कागद फाइलला लागला की गादीखाली कोणी पाहत नाही. जखमा चिघळण्याचे प्रमाण अचानक वाढले, तर त्या वेळी विचारपूर्वक घेतलेल्या नमुन्यांना निश्चित अर्थ असतो. अशा वेळीही केवळ ‘ओटी (शस्त्रक्रियागृह) बंद करा, फॉगिंग करा’ असे म्हणून थांबू नये. ऑटोक्लेव्हच्या (वाफेने साधने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राच्या) नोंदी, द्रावणांच्या बाटल्या, हात धुण्याची पद्धत हे सर्व तपासावे लागते.

तर फॉगर घ्यावा का? शस्त्रक्रियागृहात बांधकाम किंवा दुरुस्ती झाली असेल, खोली बराच काळ बंद राहिली असेल, किंवा विशिष्ट संसर्गानंतर तुमच्या संसर्ग-नियंत्रण समितीने सांगितले असेल, तर धुऊन-पुसून झाल्यावर अधिकचा एक उपाय म्हणून तो हाताशी असायला हरकत नाही. ट्रॉली, पुरेसे मॉप, हातमोजे, मापाचे पेले, जेल व टॉर्च आणि सफाई कर्मचाऱ्यांचे सवेतन प्रशिक्षण एवढे झाल्यावर पैसे उरले तरच घ्यावा. घेताना टाकी पूर्ण उघडून धुता येते का, उरलेले द्रावण काढता येते का, तोंडाचे सुटे भाग जवळच्या शहरात मिळतात का आणि फॉगिंगनंतर मॉनिटर व भुलीच्या यंत्रावरचा ओलावा पुसण्याबाबत कंपनीने लेखी सूचना दिली आहे का, ते पाहावे. आणि विक्रेता प्रात्यक्षिक द्यायला येईल तेव्हा टेबलाच्या गादीखाली आधी जेलचा ठिपका देऊन ठेवावा.